चर्चची वेळ दुपारी २, हॉल संध्याकाळी ७ ला... मधले पाच तास काय करायचं?

पत्र:
"ताई, माझं लग्न आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांतल्या, एका शनिवारी ठरलंय. मी कॅथलिक, तो प्रॉटेस्टंट, बाप्तिस्मा झालेला. हॉल आधीच बुक केला संध्याकाळी ७ पासून, आणि आता पॅरिश ऑफिसमधून, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या ऑफिसमधून, सांगतायत की दुपारी १२ नाहीतर २, तिसरी वेळ नाही. आईला पूर्ण मिस्साच, म्हणजे ख्रिस्तप्रसादासकटची उपासनाच, हवी. सासूबाई म्हणतात मधल्या वेळात हॉलवर आमच्या पास्टरांसमोर पुन्हा एकदा वचनं घ्या, म्हणजे आमच्याही लोकांचं समाधान होईल. फोटोग्राफरला दोन तास हवेत. पाहुणे १८०, त्यात वयस्कर बरेच. घरात सगळे म्हणतात चर्चमुळे सगळं अडलंय आणि मला ते ऐकवत नाही. काय करू?"

अगं, आधी तू जरा शांत हो, कारण तुझं काहीच अडलेलं नाहीये. क्रम उलटा झालाय एवढंच. हॉल आधी आणि चर्च नंतर असं झालं की मग चर्चची वेळ सगळ्यांना डोळ्यात खुपायला लागते, खरं तर दिवसभरातली न हलणारी गोष्ट तीच एक आहे. हॉलची वेळ मागेपुढे होते, मेकअपवालीची होते, फोटोग्राफरची तर होतेच होते, पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा तुझ्या लग्नासाठी कोणी हलवणार नाही आणि हलवूही नये, कारण त्या मिस्सेला येणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच वेळेला येतायत. म्हणून आता घरात बसून पहिलं हेच बोला की २ ची वेळ पक्की, बाकी सगळं तिच्याभोवती लावायचं.

१२ की २ यात माझं मत सरळ २. १२ ला घेतलंस तर घरातली गडबड पहाटेपासून, पाहुणे अर्धपोटी येणार, आणि हॉलपर्यंतचा वेळ आणखी दोन तासांनी लांबणार. २ ला सगळे जेवून येतात.

आणि संध्याकाळची वेळ का देत नाहीत हे घरच्यांना नीट सांग, कारण कारण कळलं की माणसं निम्मी शांत होतात. चर्चच्या हिशोबात रविवार शनिवारच्या संध्याकाळीच सुरू होतो. त्यात तुमची तारीख आगमनकाळातली, आणि आगमनकाळातल्या रविवारी लग्नाची स्वतंत्र मिस्सा बसत नाही, त्या रविवारचीच मिस्सा घ्यावी लागते. शिवाय बऱ्याच पॅरिशमध्ये शनिवारी ४ च्या सुमाराला कन्फेशन (फादरांसमोर पापांची कबुली) असतं आणि त्यानंतर मिस्सा, म्हणजे २ चं लग्न असेल तर साधारण पावणेचारपर्यंत चर्च मोकळं करून द्यायचंय असं धरून चाल. तुमच्याकडे नक्की कितीला, ते ऑफिसमध्ये विचारून लिहून घे. फक्त "२ ला सुरू" एवढंच लिहून घेऊ नकोस, "कितीला रिकामं करायचं" हेही लिही. बहुतेक जण हा दुसरा आकडा विचारतच नाहीत आणि मग सॅक्रिस्टन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारा माणूस, दिवे बंद करायला लागतो तेव्हा आत्याबाईंचा ग्रुप फोटो राहिलेला असतो.

आता आईची मिस्सा. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि तू तो एका ओळीत उरकलायस, म्हणून मी जरा थांबते इथे.

कॅथलिक लग्नविधीचे वेगवेगळे प्रकार आहेत. एक मिस्सेसकट, एक मिस्सेशिवाय, आणि बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदारासाठी आणखी वेगळा. दोघंही कॅथलिक असतील तर सहसा मिस्सेतच करतात. पण एकजण कॅथलिक आणि दुसरा वेगळ्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला असेल तर विधीच्या पुस्तकातच मिस्सेशिवायचा प्रकार आधी सांगितलाय, मिस्सेत करायचं तर त्यासाठी बिशपांची संमती लागते. म्हणजे मिस्सा मागता येते, पण ती तुमच्या बाबतीत आपोआप मिळणारी गोष्ट नाही. आणि यामागे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाहीये. डोळ्यासमोर आण ना, मिस्सा चालू आहे, ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घ्यायची, वेळ झाली, तू उठून पुढे गेलीस आणि तो तिथेच गुडघ्यावर, कारण सर्वसाधारणपणे कॅथलिक मिस्सेत इतर चर्चच्या लोकांना ख्रिस्तप्रसाद देत नाहीत. त्याच्या बाजूची सगळी बाकं बसून आणि तुझ्या बाजूची सगळी रांगेत. जेमतेम अर्ध्या तासापूर्वी तुम्ही एक झालात आणि सगळ्यांसमोर पहिली गोष्ट काय दिसते तर दोन बाजू. मला हे फार लागतं, खरंच सांगते. आईला हे चित्र शब्दात सांग, मिस्सा हवी की नको असा वाद घालू नकोस, फक्त हे चित्र सांग आणि तिला विचार.

आणि मिस्सेशिवायचा विधी म्हणजे काहीतरी उरकाउरकी असा तिचा समज असेल तर तोही काढून टाक. बायबलमधली वाचनं असतात, स्तोत्र गातात, शुभवर्तमान, फादरांचं प्रवचन, मग तुम्हा दोघांना प्रश्न, मग संमती म्हणजे लग्नाची वचनं, अंगठ्या, सगळ्यांच्या प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना आणि वधूवरांवरचा तो मोठा आशीर्वाद, यातलं काहीही गळत नाही. ही प्रभूची प्रार्थना तर दोन्हीकडच्या लोकांना पाठ असते, पूर्ण चर्च एका आवाजात म्हणेल, मोठ्याने म्हणायला सांगा. आणि दोघांचाही बाप्तिस्मा झालेला आहे म्हणजे कॅथलिक चर्चच्या दृष्टीने हे लग्न साक्रामेंतच, म्हणजे पवित्र संस्कारच, आहे, मिस्सा असो वा नसो. आईला मिस्सेची ओढ असेल तर त्याच दिवशी सकाळी पॅरिशमध्ये रोजची मिस्सा असेल तर तू आणि ती दोघी जा. सकाळी मेकअपच्या आधी तासभर तुम्ही मायलेकीच असाल, नंतर दिवसभरात तुला ती परत तशी भेटणार नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी रविवारी सगळं घर मिळून आभाराची मिस्सा.

वेळेचा फरकही बघ. मिस्सेसकट किमान तास, सव्वा तासही लागतो, गाणी जास्त असतील तर त्याहूनही पुढे. मिस्सेशिवाय पाऊण तासात छान, न पळता होतं. २ ला सुरू, पावणेतीनला विधी संपला, मग रजिस्टरवर सह्या, तुमच्या दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या आणि फादरांच्या. सह्या वेदीवर करत नाहीत हे लक्षात ठेव, सॅक्रिस्टीत (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत) किंवा बाजूला टेबल ठेवून करतात, ते टेबल कुठे असेल ते फोटोग्राफरला आधी दाखवून ठेवा. म्हणजे ३ ला तुम्ही मोकळे. मिस्सा ठेवली तर हेच साडेतीनच्या जवळ जातं आणि त्यात पंधरा मिनिटं उशीर झाला की फोटोच गेले.

मिस्साच ठरली शेवटी तर एक गोष्ट सांगून ठेवते, ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही एवढाच नियम आहे, पाणी आणि औषध चालतं, आणि तो तास ख्रिस्तप्रसादापासून मागे मोजतात, मिस्सा सुरू व्हायच्या वेळेपासून नाही. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना तर त्यातूनही सूट आहे. हे एवढ्यासाठी लिहिलं की लग्नाच्या दिवशी काही मुली सकाळपासून उपाशी राहतात आणि मग घट्ट ड्रेसमध्ये चक्कर येते. तू १२ वाजता नीट जेव. ड्रेस घालायच्या आधी.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांच्या लोकांना परकं वाटू नये एवढंच त्यांना हवंय, पण त्या म्हणतात तसं करता येणार नाही आणि हे तू कुणामार्फत कळवू नकोस, होणाऱ्या नवऱ्याला बरोबर घेऊन स्वतः जाऊन सांग. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम ११२७ मध्ये स्पष्ट आहे की चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर पुन्हा संमती द्यायचा किंवा तीच संमती नव्याने म्हणायचा दुसरा धार्मिक विधी करायचा नाही. कारण लग्न होतं ते दोघांच्या संमतीने, आणि ती एकदाच दिली जाते. हॉलवर परत वचनं घेतली तर दुपारी जे झालं ते काय होतं, असा प्रश्न उभा राहतो.

पण नाही म्हणून थांबू नकोस, कारण त्यांना जे हवंय ते चर्चमध्येच मिळू शकतं आणि ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसेल. बिशपांच्या परवानगीने फादर सासूबाईंच्या पास्टरांना विधीत बोलावू शकतात, ते बायबलमधून वाचू शकतात, थोडं बोलू शकतात, तुम्हाला आशीर्वाद देऊ शकतात. फक्त संमती विचारायचं काम एकाच माणसाचं, ते फादर किंवा डीकन (फादरांच्या खालच्या पदावरचे धर्मसेवक) करणार, दोघांनी वाटून घ्यायचं नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीला एक वाचन द्या, मिस्सेशिवायच्या विधीत हे अगदी सहज होतं, मिस्सेत मात्र वाचन कॅथलिक व्यक्तीकडेच असावं असा संकेत आहे आणि अपवादाला परवानगी लागते. दोनातला एक साक्षीदारही त्याच्या बाजूचा चालतो. आणि हॉलवर जेवणाआधी पास्टरांनी सगळ्यांसाठी आभाराची प्रार्थना केली तर त्याला कशाचीच आडकाठी नाही. बघ, चार जागा झाल्या त्यांच्या माणसांना. सासूबाईंकडे जाताना हे चारही घेऊन जा, नुसता नकार घेऊन जाऊ नकोस.

पास्टरांसाठीची ही परवानगी आणि मुळात या लग्नासाठी लागणारी बिशपांची परवानगी, दोन्ही फादरांमार्फतच जातात आणि त्याला वेळ लागतो. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, लग्नाआधीचा कोर्स, या गोष्टी फादर सांगतीलच, त्यात मी जात नाही. सरकारी नोंदणीचं मात्र आत्ताच विचार, ते देशागणिक बदलतं, फ्रान्समध्ये सरकारी लग्न आधी झाल्याशिवाय चर्चमधलं लावतच नाहीत, काही देशांत चर्चमधल्या सहीवरच नोंद होते. वेगळं ऑफिस गाठायचं असेल तर ते लग्नाच्या दिवशी ठेवू नका, आधीच्या आठवड्यात उरका.

आता ते पाच तास. तुला काय वाटतं माहीत नाही पण मला हा प्रश्न पाहुण्यांच्या अंगाने बघावासा वाटतो. ३ वाजता चर्चबाहेर १८० माणसं नटूनथटून उभी, ७ पर्यंत कुठे जायचं कोणालाच माहीत नाही, गावातली घरी जातील आणि त्यातली निम्मी परत येणार नाहीत, बाहेरगावची गाडीत बसून राहतील, आजीला बाथरूमला कुठे न्यायचं ते कळणार नाही. पाहुण्यांना मोकळा वेळ असतोच गं, त्याचं कोणाला काही वाटत नाही, अनिश्चित वेळेचं वाटतं. म्हणून पहिला फोन आज हॉलला कर आणि विचार की ७ च्या ऐवजी ५ ला दारं उघडता येतील का. पूर्ण कार्यक्रम ५ ला सुरू करायचा नाहीये, फक्त बसायला खुर्च्या, प्यायला काहीतरी, तोंडात टाकायला थोडंसं, हळू आवाजात गाणी. सजावटवाल्यांना त्याप्रमाणे लवकर यायला लागेल, तेवढंच. माझ्या अनुभवात हॉलवाले पूर्ण भाडं वाढवण्याच्या आधी अशा मधल्या वेळेला तयार होतात, विचारणारंच कोणी नसतं. ५ ला दारं उघडली की चर्च ते हॉल मधलं अंतर दोन तासांचं उरतं आणि त्यातला अर्धापाऊण तास तसाही गाड्यांमध्ये जातो.

हॉल नाहीच म्हणाला तर पॅरिशचा स्वतःचा छोटा हॉल किंवा आवार मागा, ३ ते ५. तेही नसेल तर चर्चपासून जवळच्या एखाद्या नातेवाईकाचं मोठं घर, पण ते पत्रिकेवर किंवा पाहुण्यांच्या मेसेजमध्ये स्पष्ट हवं, की "चर्चनंतर इथे थांबायचं आहे, गाडी इथून इतक्या वाजता निघेल". ज्येष्ठांसाठी गाडी वेगळी ठेवा आणि ती कोण चालवणार त्याचं नाव आधी ठरवा.

अर्ध्या लोकांना फक्त संध्याकाळचंच बोलवावं असं कोणी सुचवेल, तर माझं ऐकशील तर नको. चर्चमधला विधी हा सगळ्यांसमोर होणारा विधी आहे, दारं उघडी असतात, तिथे आमंत्रण तपासायला कोणी उभं नसतं. ज्याला यायचंय त्याला येऊ दे, ज्याला संध्याकाळीच जमतंय तो संध्याकाळी येईल.

चर्चच्या दारात उभं राहून सगळ्यांना भेटायचा मोह टाळ. हिशोब कर, १८० माणसं आणि प्रत्येकाला फक्त १० सेकंद धरली तरी अर्धा तास जातो, आणि १० सेकंदात काकू सोडत नाहीत हे तुलाही माहीत आहे. तुझ्याकडे चर्चमध्ये मिळून पाऊण तास आहे, त्यात एक तर भेटणं होईल किंवा घरच्यांचे फोटो. फोटो तिथे घ्या, भेटणं हॉलवर करा, विधी संपल्यावर फादरांनाच दोन वाक्यं बोलायला सांगा की बाकीच्यांनी पुढे निघावं, वधूवर ५ नंतर सगळ्यांना भेटतील. फादरांनी सांगितलं की लोक ऐकतात.

घरच्यांच्या फोटोंची यादी कागदावर हवी आणि ती वाचायला दोन्ही घरची माणसं ओळखणारा कोणीतरी मोठ्या आवाजाचा. एका ग्रुपला जमवून फोटो काढेपर्यंत अडीच-तीन मिनिटं जातात, म्हणजे अर्ध्या तासात फार तर दहा-बारा ग्रुप. त्यात सगळ्यात मोठा ग्रुप पहिला घ्या, मग त्यातली माणसं कमी करत जा, आजीआजोबा दुसऱ्याच फोटोत मोकळे होऊन बसू देत. तुमच्या दोघांचे फोटो पावणेचार ते पावणेपाच, वाटेत एकाच जागी. फोटोग्राफरला दोन तास हवेत ना, त्यातला एक सकाळी तुझ्या तयारीचा आणि एक हा, झाले दोन. तीन ठिकाणं फिरायची असं तो म्हणेल, त्यातली दोन प्रवासातच जातात. आणि त्याला लग्नाच्या आधी फादरांना एकदा भेटायला लाव, कुठे उभं राहायचं, वेदीच्या पायऱ्या चढायच्या की नाही, फ्लॅश चालेल का, हे प्रत्येक चर्चमध्ये वेगळं असतं. संमतीच्या वेळी त्याला फादर आणि तुमच्यामध्ये उभं राहू देऊ नका, त्या एका मिनिटात तुला नवऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, कॅमेरा नाही.

सजावटीचं पटकन सांगते. आगमनकाळ आहे, वेदीवर जांभळं कापड, आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचं चक्र, हे असणार आणि ते काढायला सांगायचं नाही, फुलंही बेताची ठेवायची असतात. (प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, तर वेदीवर फुलं बहुतेक दिवस चालतच नाहीत, म्हणजे तुम्ही त्यातल्या त्यात बरे.) हॉलवर हवी तेवढी फुलं लावा. गाण्यांची यादी कॉयरला महिनाभर आधी आणि फादरांना दाखवून, लग्नातली आवडीची सिनेमातली गाणी हॉलसाठी ठेवा.

सकाळचा वेळ २ वरून मागे मोजत जा, पहाटेवरून पुढे नको. २ ला विधी म्हणजे पावणेदोनला तू चर्चच्या आवारात गाडीत, म्हणजे प्रवास वीस मिनिटांचा असेल तर सव्वाला घरातून निघायचं, म्हणजे साडेबाराला ड्रेस अंगावर, मागची बटणं लावायलाच पंधरा मिनिटं जातात आणि ज्या बहिणीला ती लावायचीत तिची स्वतःची तयारी त्याआधी झालेली हवी. १२ ला जेवण. मेकअपवाली एकटी असेल तर तुला दीड तास आणि बाकीच्या प्रत्येकीला चाळीस मिनिटं धर, बाकीच्या चौघी असतील तर सगळं मिळून चार तासांच्या वर जातं, म्हणजे साडेसातला ब्रश हातात. सकाळच्या मिस्सेला जाणार असशील तर एक मेकअपवाली आणखी घे किंवा आधी इतर चौघींचं होऊ दे, तू शेवटी बस. शेवटी बसलीस की मेकअपही ताजा राहतो.

पत्रिकेवर खरी वेळ छापा, २ म्हणजे २, आणि खाली "पावणेदोनपर्यंत आसनस्थ व्हावं" अशी ओळ. काही जण मुद्दाम दीड छापतात म्हणजे लोक २ ला येतील, पण मग जे वेळ पाळतात तेच अर्धा तास ताटकळतात.

आणि एका माणसाला त्या दिवसाची जबाबदारी दे, आईला नाही, साक्षीदारांना नाही, त्यांना विधीत मन लावू दे. एखादा शांत डोक्याचा चुलतभाऊ किंवा मैत्रीण. आदल्या दिवशीच्या सरावाला तिला बोलव, अंगठ्या, वाचनांचे कागद, सॅक्रिस्टनचा आणि हॉलच्या मॅनेजरचा नंबर, आजींच्या औषधांची पिशवी, सगळं तिच्याकडे. कोणी काही विचारलं तर तू फक्त तिचं नाव सांगायचं.

तर आज हॉलला फोन, ५ वाजता दारं उघडण्याचं. या आठवड्यात तुम्ही दोघं फादरांकडे, मिस्सेशिवायचा विधी, पास्टर आणि बहिणीचं वाचन हे तिन्ही एकाच भेटीत काढा. तिथून होकार आला की मग आई, आणि मग सासूबाई, याच क्रमाने. हॉलवाले काय म्हणतात ते मला कळव, नाही म्हणाले तर पॅरिशच्या आवारातलं नियोजन आपण पुढच्या पत्रात बघू.